शेण मी आणलं होतं

आमच्या घरी रोज सकाळी एकच अंडं उकडायचं आणि ते बाळूचं असायचं. बाळू माझा थोरला भाऊ, माझ्याहून सव्वा वर्षानं मोठा. आठवीत नापास होऊन तो माझ्याच वर्गात येऊन बसला, तेव्हा आईनं ठरवून टाकलं की पोराच्या डोक्याला खुराक कमी पडतोय. मी पहिल्या पाचांत यायचे, म्हणजे माझ्या डोक्याला सगळं पुरेसं मिळत होतं. स्टोव्हच्या भर्र आवाजात अंडं पातेल्याच्या तळाशी खडखडायचं, मी शेजारी भाकरीचं पीठ मळत बसलेली असायचे, आणि पाणी आटत आलं की आई म्हणायची, "सुरे, त्येचं अंडं सोल." सोलताना टरफलाबरोबर पांढऱ्याचा एखादा पापुद्रा निघून यायचा, तो मी तोंडात टाकायचे. दर वेळी तो आपोआप निघायचा असं नाही. त्या चोरीची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटते ती याची, की इतक्या वर्षांत "मला का नाही?" एवढं एकदाही विचारलं नाही.

कोपरखैरण्याला माथाडी कामगारांची बैठी घरं होती, त्यातलं एक आमचं. अण्णा तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याच्या गोणी उचलायचे. त्यांच्या मानेमागे गोणीनं घट्टा पडला होता आणि कितीही साबण लावला तरी अंगाचा कांद्याचा वास जायचा नाही. उशीला, टॉवेलला, माझ्या दप्तरालासुद्धा तो वास होता. गल्लीतली सगळी घरं सातारकडची. दुपारी बायका दारात बसून लसूण सोलायच्या आणि कुणाच्या तरी सुनेचं गाऱ्हाणं चाललेलं असायचं. मार्केटातून येताना अण्णा मार लागलेले बटाटे आणायचे. आई त्यांचा काळा भाग कोरून टाकून रस्सा करायची, सोबत खर्डा आणि भाकरी. आधी बाळू आणि अण्णा जेवायचे, मग आम्ही. पातेल्याच्या तळाचा रस्सा जास्त तिखट लागतो हे मला अजून ठाऊक आहे. आता त्या घरांवर दोन-दोन मजले चढलेत आणि खाली मोबाईलची दुकानं आहेत. मधे एकदा तिकडून गेले, तर आमचं दारसुद्धा मला ओळखता आलं नाही.

शाळा नव्या सेक्टरात होती. इमारत नवीन, फळे नवीन, आणि वर्गात दोन तऱ्हेची मुलं: फ्लॅटमध्ये राहणारी आणि आमच्यासारखी. शिवाय थोडी जुन्या गावांतली, ज्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर हे सगळे सेक्टर उभे राहिले होते. नववीला इतिहास शिकवायला निकम सर होते. निकम सर दिसायला देखणे, कडक इस्त्रीचे कपडे, आवाज मऊ. त्यांनी कधी कुणावर हात उगारला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण ओरडणारा, मारणारा मास्तर असता तर मला त्याला विसरून जाणं सोपं गेलं असतं. सरांना लढायांची भारी आवड. एका लढाईला ते पाच-पाच तास घ्यायचे. डस्टरचा किल्ला व्हायचा, खडूंचं घोडदळ व्हायचं, मुलगे बाकांवर चढून बघायचे. मुलींची रांग डावीकडे भिंतीला लागून होती. तिथून फळ्याचा अर्धा भाग चकाकायचा आणि किल्ला दिसायचा नाही.

सरांची एक शिक्षा होती. मुलग्याचं उत्तर चुकलं की ते हसून म्हणायचे, "जा बाबा, बांगड्या भर आणि तिकडे बस." मग तो मुलगा मान खाली घालून आमच्या रांगेत यायचा, आम्ही सरकून जागा करायचो आणि सगळा वर्ग खिदळायचा. आम्हीही खिदळायचो. मी बाळूलासुद्धा असं माझ्या शेजारी बसलेलं पाहिलंय, कान लाल झालेला, रडायच्या बेतात आलेला, आणि मी त्याला हसलेय. आमच्या शेजारी बसणं ही शिक्षा होती आणि आम्ही रोज तिथेच बसत होतो, हे माझ्या ध्यानात यायला फार वर्षं गेली.

माझ्या शेजारी कुंदा पाटील बसायची. कुंदा घणसोली गावातली, खाडीकडच्या आळीतली. उंच, सावळी, केसांना नारळाचं भरपूर तेल. तिची आजी मिठागरात काम करायची. मिठागरं गेल्यावर बाप रबाळ्याच्या एका कंपनीत वॉचमन झाला आणि आई मासळी विकायची. कुंदाचा आवाज असा, की ती मधल्या सुट्टीत हसली तर ऑफिसातून शिपाई बघायला यायचा. बोलायची गावचं. "पानी", "शिक्शन", "मना ठाव नाय." सर तिला उभं करून म्हणायला लावायचे, "पाणी. म्हण, पाणी. ण, ण. बाणातला ण." ती म्हणायची, "पानी," आणि वर्ग हसायचा. तिच्या चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. खाली बसताना ती फक्त माझ्या कानात म्हणायची, "प्यायला सारखाच लागतं."

पुस्तकात शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या स्त्रियांवर एक धडा होता, दीड पानाचा. सर त्या धड्याशी आले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "हा दोन मार्कांना येतो. घरी वाचा." आणि उरलेल्या तासात त्यांनी मागच्या लढाईतला एक राहिलेला मोर्चा काढायला घेतला. कुंदानं हात वर केला. ती कधी हात वर करायची नाही, म्हणून सरही थांबले.

"सर, आमच्या मिठागरात बाया पन व्हत्या. माजी आजी व्हती. त्यांचा धडा कुठं हाय?"

सर छान हसले. "कुंदा, डोक्यावर पाटी घेतल्यानं इतिहास होत नाही. बस."

मला तो प्रश्न तेव्हा वेडगळ वाटला होता. मी तिला खाली ओढलं.

दिवाळीनंतर शाळेची तपासणी लागली. शिक्षण खात्याच्या अधिकारी येणार आणि एक आदर्श पाठ बघणार असं ठरलं. अधिकारी बाई आहेत हे कळल्यावर सर वर्गात येऊन म्हणाले, "बाई येतायत, तर बाईंना बायकांचाच धडा दाखवू." तोच दीड पानाचा धडा. त्याचं नाट्य करायचं होतं. मुलींना शिकवायला निघालेल्या ज्या बाईवर लोकांनी शेण फेकलं, तिचा प्रवेश. त्या थोर बाईचं नाव मी इथे लिहीत नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि पुढे जे घडलं त्याच्या शेजारी ते मांडावंसं मला वाटत नाही. माझं अक्षर चांगलं म्हणून संवाद लिहायचं काम माझ्याकडे आलं. मुख्य काम करायला फ्लॅटमधल्या दोन मुलींना विचारलं, तर त्यांच्या आयांनी चिठ्ठ्या पाठवल्या की आमच्या मुलीवर काही फेकलेलं चालणार नाही. मग सरांनी वर्गावर नजर फिरवली आणि म्हणाले, "कुंदा, तुझा आवाज मैदानापर्यंत जातो. तू कर."

खरं सांगायचं तर ते काम मला हवं होतं. संवाद लिहिताना मी प्रत्येक वाक्य मनात माझ्याच तोंडी म्हटलं होतं. पण कुंदाला इतका आनंद झाला होता की मी गप्प बसले. शाळा सुटल्यावर ती मला रस्त्यात थांबवायची आणि ण घोटून घ्यायची. मी लिहिलेलं शेवटचं वाक्य होतं, "टाका, कितीही शेण टाका, माझ्या मुली शिकणारच!" त्यात दोन ण होते. सायन-पनवेल हायवेकडे जाणारे ट्रक धूळ उडवत असायचे, आणि ही बाई त्या धुळीत उभी राहून म्हणायची, "शेन. शेण्न. शे... ण." आठवडाभरात तिला ते जमलं. जमलं त्या दिवशी तिनं मला बोरं घेऊन दिली.

तालमी शाळा सुटल्यावर वर्गातच व्हायच्या. पहिल्या दिवशी मुलगे कागदाचे बोळे घेऊन उभे होते आणि लाजत होते. सर म्हणाले, "अरे, त्या काळचे लोक काय म्हणाले असतील? बोला ना काहीतरी. खरं वाटलं पाहिजे." मग कुणीतरी "धर्म बुडाला" वगैरे म्हटलं. तिसऱ्या दिवशी बोळे पाण्यात भिजवलेले होते. चौथ्या दिवशी धर्म मागे पडला आणि ओरडा सुरू झाला, "ए मासळीवाली, घरी जा! वास येतोय तुझा!" सर खुर्चीवर पाय टाकून बसले होते. ते मनापासून हसले. "वा! आता भूमिकेत शिरलात." कुंदा मधे उभी राहून तिची वाक्यं म्हणत होती. एका ओल्या बोळ्यानं तिच्या गालावर लाल वण उठला, तर ती मला म्हणाली, "लागत नाय. सोमवारपर्यंतच हाय."

शुक्रवारी सर मला म्हणाले, "कदम, तुमच्या वसाहतीच्या मागे तबेला आहे ना? थोडं शेण आण उद्या, तालमीत बघू कसं दिसतं. घमेल्यात पुढे ठेवू. बाईंना दिसलं पाहिजे." शनिवारी सकाळी मी तबेल्यात गेले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत शेण भरून घेतलं. ताजं होतं, पिशवीतून हाताला ऊब लागत होती. आईनं विचारलं, "कशाला गं?" मी म्हटलं, "शाळेत. इतिहासाला." आईला फार बरं वाटलं. शाळेला लागणारी इतक्या वर्षांतली ही पहिली वस्तू होती जी तिला कळत होती. "चांगलं गाईचं घ्यायचं न्हाय का," एवढं ती म्हणाली. पेपरात गुंडाळून ती पिशवी मी दप्तराबाहेर हातात धरून नेली. सगळ्यांना दिसेल अशी.

शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटली आणि शेवटची तालीम सुरू झाली. कुंदानं आईचं लग्नातलं लुगडं नेसलं होतं, हिरवं, जरीच्या काठाचं. तिच्या आईनं ते ट्रंकेतून काढून दिलं होतं. एका मुलानं घमेल्याकडे बोट दाखवून विचारलं, "सर, आज खरं मारू का?" सरांनी घमेल्याकडे पाहिलं, खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि हसत म्हणाले, "बघा बुवा तुमचं तुम्ही. खरं वाटलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं."

पहिला गोळा कुणी मारला ते मला दिसलं नाही. दुसरा बाळूनं मारला. मग सगळेच धावले, घमेलं रिकामं होईपर्यंत. कुणी विसरलं तर वाक्य सांगायला मी बाजूला वही घेऊन उभी होते. हसण्याच्या आणि किंचाळण्याच्या गोंधळात कुंदाचा आवाज येत होता. ती थांबली नव्हती. तिला वाटलं असावं की थांबलं तर काम काढून घेतील. ती शेवटच्या वाक्यापर्यंत आली, "टाका, कितीही शेण..." असं अगदी स्वच्छ, बाणातला ण लावून म्हणाली, आणि त्या उघड्या तोंडात एक गोळा जाऊन बसला. ती वाकली. ओकली. वर्ग फुटला हसून. मी सरांकडे पाहिलं. रुमालाच्या वर त्यांचे डोळे दिसत होते आणि ते हसत होते. आजही रुमाल नाकाला लावलेला माणूस समोर आला की मी वाट बदलते.

"बस, बस," सर टाळी वाजवून म्हणाले. "छान. मुलींनो, वर्ग धुवून घ्या. सोमवारी स्वच्छ पाहिजे."

मुलगे मैदानावर क्रिकेट खेळायला गेले. मुलींच्या संडासाला कुलूप होतं, कारण तिथे खेळाचं सामान ठेवत. आम्ही वर्षभर दुपारी घरी जाईपर्यंत कळ काढायचो. म्हणून कुंदानं पटांगणातल्या प्यायच्या पाण्याच्या नळावर तोंड धुतलं, सगळ्या मैदानासमोर. मी तिच्या हातावर पाणी घालत होते. तिनं कितीतरी वेळा चूळ भरली. दातांत काड्या अडकल्या होत्या, त्या तिनं नखानं काढल्या. मग लुगड्याचा काठ हातात घेऊन बघितला आणि विचारलं,

"शेन कोनी आनलं?"

मी म्हटलं, "मी."

तिनं माझ्या हातातला मग घेतला आणि स्वतःच पाणी ओतून घ्यायला लागली.

घरी आले तर मोरीत बाळूचा शर्ट पडला होता. उजवी बाही कोपरापर्यंत हिरवी झाली होती. आई म्हणाली, "सुरे, सोमवारी साहेब येणारेत म्हणं. त्येचा शर्ट घासून टाक." मी म्हटलं, "मी नाही धुणार." असं मी त्या घरात आधी कधी म्हटलं नव्हतं. आईला वाटलं मला घाण वाटतेय. ती म्हणाली, "शेणाची कसली घाण? आमचा जन्म गेला सारवण्यात." मग मी सगळं सांगितलं, शेण कुठून आलं तेसुद्धा. बाळू खाटेवर बसून पाय हलवत होता. "नाटक होतं गं," तो म्हणाला, "सरांनीच सांगितलं."

आई मोरीपाशी गेली. मग तिनं शर्ट दोन बोटांत धरला आणि बाळूच्या मांडीवर टाकला. "ऊठ. बाहीर नळावर जा आन् धू."

माझ्या आयुष्यातला तो मोठा क्षण ठरला असता. बाळू रडत रडत दारासमोरच्या नळावर बसला. त्याला साबण कुठे लावायचा तेही कळत नव्हतं. गल्लीतल्या बायका लसूण सोलायच्या थांबल्या. एक जण ओरडली, "अगं बया, पोरगं कापडं धुतंय! घरात पोरगी मेली का काय?" आई दारात उभी होती. पाच मिनिटं तिनं तग धरला. मग खाली उतरली, त्याच्या हातातून शर्ट ओढून घेतला आणि स्वतः घासायला बसली. शर्ट स्वच्छ निघाला. आई चांगलं धुवायची.

सोमवारी कुंदा आली नाही. सर मला म्हणाले, "कदम, संवाद तूच लिहिलेत, तुला पाठ असतील. तूच उभी राहा." मी नाही म्हणू शकले असते. त्यासाठी फार धैर्य लागलं असतं असंही नाही. सर मारत नव्हते. मी म्हटलं, "हो सर." आणि माझ्या पोटात कुठेतरी आनंद झाला. हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं.

अधिकारी बाई पन्नाशीच्या होत्या, रेशमी साडी, डोळ्यांवर सोनेरी काडीचा चश्मा. वर्गाला फिनाईलचा वास होता. त्या दिवशी घमेल्यात गेरूच्या पाण्यात भिजवलेला कापूस होता. मुलग्यांनी तो खांद्यांकडे नेम धरून हळूच टाकला आणि "धर्म बुडाला" असंच ओरडले. माझं शेवटचं वाक्य झालं तेव्हा बाईंनी चश्मा काढून डोळे टिपले. "मुलांनो, यातून तुम्ही काय शिकलात?" त्यांनी विचारलं. "स्त्रियांचा आदर करायला!" मुलगे एका सुरात म्हणाले. तेही बसवून घेतलेलं होतं. मग बाई माझ्याकडे वळल्या. "आणि बाळ, तुला ही भूमिका करताना काय वाटलं?"

काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "बाई, ही भूमिका माझी नाही. कुंदा पाटीलची आहे. शनिवारी खरं शेण होतं. मुलांनी तिला मारलं, तिच्या तोंडात गेलं. सर बघत होते. म्हणून ती आज आली नाही."

सर मऊ आवाजात म्हणाले, "मुलं जरा भूमिकेत वाहवली, मॅडम." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मला स्पष्ट दिसलं की त्यांना सगळं कळलंय. मग त्यांनी चश्मा लावला.

"अरेरे," त्या म्हणाल्या. "त्या मुलीला माझी शाबासकी सांग हं. इतकं समरस होणारी मुलं आता मिळत नाहीत."

आणि त्या बटाटेवडे खायला ऑफिसात गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा शेरा मुख्याध्यापकांनी प्रार्थनेला वाचून दाखवला. नाट्यीकरणातून परिणामकारक अध्यापन, असं काहीतरी होतं. टाळ्या झाल्या. तीनेक वर्षांपूर्वी आमच्या वर्गाचा मोबाईलवर ग्रुप झाला आणि सीवूड्सच्या एका हॉलमध्ये निकम सरांचा सत्कार ठरला. एकानं लिहिलं, "ते शेणाचं नाटक आठवतं का? काय धमाल केली होती राव!" खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. त्यात बाळूचंही एक होतं. बाळूला आता दोन मुली आहेत. मी ग्रुपमधून बाहेर पडले आणि हात धुऊन आले.

पण तेव्हाचं सांगायचं राहिलं. त्या आठवड्यात सरांनी अण्णांना बोलावून घेतलं. अण्णा मार्केटातून तसेच आले, अंगात निळा सदरा, खांद्यावर पंचा. सरांनी त्यांना बसा म्हटलं नाही. "तुमच्या मुलीनं पाहुण्यांसमोर शाळेची अब्रू घालवली," सर म्हणाले, "आणि गंमत म्हणजे शेण तिनं स्वतःच आणलं होतं. विचारा तिला."

अण्णांनी मला विचारलं, "आणलंस?"

"व्हय," मी म्हटलं.

"बरं. हिनं आणलं," अण्णा सरांना म्हणाले. "आन् मारलं कुणी?"

"मुलांनी. पण मुलं म्हटल्यावर..."

"आन् तुमी कुठं हुता, सर?"

"मी तिथंच होतो," सर म्हणाले, आणि टेबलावरचे कागद सारखे करायला लागले. मला वाटलं, आता अण्णा काहीतरी बोलतील. अण्णांनी हात जोडले. "पोरीचं नाव तेवढं काढू नका शाळेतनं," म्हणाले. एवढ्या गोणी उचलणारी ती मान खाली झुकलेली मला बघवेना. बाहेर आल्यावर त्यांनी पंच्यानं मान पुसली. मग म्हणाले, "त्या पोरीच्या घरी जाऊन आलीस का?"

"नाही."

"मग हितं बोलून काय उपेग?"

म्हणून त्याच संध्याकाळी मी घणसोलीला गेले. कुंदा त्यानंतर शाळेत परत आलीच नाही. पुढे ती रबाळ्याला एका कंपनीत पॅकिंगला लागली, नंतर उरणकडे तिचं लग्न झालं, एवढं मला इतरांकडून कळलं. दहावीचा फॉर्म तिनं बाहेरून भरल्याचं एक जण सांगत होती. पास झाली की नाही ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी मात्र ती ओट्यावर आईच्या शेजारी बसून सुकट निवडत होती. दोरीवर हिरवं लुगडं वाळत होतं. पुष्कळदा धुतलेलं असावं. काठाशी पिवळट डाग तसाच होता. तिच्या आईनं मला पाणी दिलं आणि काही न विचारता परत कामाला बसली.

"बाईंनी काय सांगलं?" कुंदानं विचारलं.

"तुला शाबासकी सांगितली आहे." मी सांगायला नको होतं, पण दुसरं काही सुचलं नाही.

ती सुकटातला कचरा बाजूला करत राहिली. "माझ्या जागी कोन उभं रायलं?"

"मी."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. वरपासून खालपर्यंत, माझे केस, माझा गणवेश. "तुला पन शेन मारलं?" तिनं विचारलं. आवाज हळू होता. मी हो म्हटलं असतं तर त्या दिवशी तिनं मला जवळ बसवून घेतलं असतं, असं मला अजून वाटतं.

"नाही," मी म्हटलं. "कापूस."

कुंदानं हात झटकले. मग मान मागे टाकून तिच्या त्या आवाजात, आख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडली, "आई, ऐकलास का? हिला कापूस मारला!"

आणि दोघी मायलेकी हसायला लागल्या. मी पाण्याचा पेला ओट्यावर ठेवला आणि उठले.